चिऱ्याच्या घराची पश्चिम बाजू : खिडक्या बदलायच्या आणि भिंतीला झडीपासून आडोसा करायचा आहे (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

वळचण

घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला, समुद्रापासून साधारण ४०० मीटरवर. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), बाहेरून सिमेंटचा गिलावा. पश्चिमेची भिंत २४ फूट लांब, १० फूट उंच. तिच्यात ४ बाय ४ फुटांच्या तीन खिडक्या, सागवानी चौकटी, बाहेरून लोखंडी ग्रिल. दोन चौकटींची तळपट्टी कुजली आहे आणि ग्रिलचा गंज चिऱ्यावर उतरलाय. भिंतीला जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे आडोशाला लावलेले होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यातले निम्मे गेले, तेव्हापासून दर पावसाळ्यात ताडपत्री बांधतो. आतल्या गिलाव्याला लोणा (ओलीबरोबर येणारे क्षार) लागून पोपडे पडतात.

विचारायचं ते असं. खिडक्यांना यूपीव्हीसी (टणक पीव्हीसी प्लॅस्टिक) की ॲल्युमिनियम, आणि सरकत्या घ्याव्यात की उघडझाप होणाऱ्या? दुकानदार सरकत्याच घ्या म्हणतो. भिंतीला ताडपत्रीऐवजी कायमचं काय लावावं? आणि आधी काय करावं, खिडक्या की भिंत?

चौकट

दुसऱ्या प्रश्नापासून लांब राहतो, खिडक्यांचं सांगतो.

पश्चिमेला सरकती खिडकी घेऊ नका. कारण साधं आहे आणि आकड्यात सांगता येतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: पास्कलमध्ये ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रतिसेकंदात. ताशी ६० किमीच्या पावसाळी वाऱ्याला सुमारे १६५ पास्कल होतात. निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किमी होता, म्हणजे ६७० पास्कलच्या आसपास. हा दाब काचेवर येतो तसाच खालच्या रुळात साचलेल्या पाण्यावरही येतो. १ मिमी उंचीचं पाणी जवळजवळ १० पास्कल पेलतं. म्हणजे नेहमीच्या जोरदार पावसात रुळातलं पाणी १७ मिमी वर चढू पाहतं आणि वादळात ६८ मिमी. बाजारातल्या सरकत्या खिडकीच्या रुळाची आतली कड बहुतेक २५ ते ३५ मिमी असते. त्यामुळे जूनभर खिडकी व्यवस्थित वाटते आणि नेमक्या वादळात त्याच रुळावरून पाणी घरात सांडतं. शिवाय बाहेरच्या निचऱ्याच्या खाचांतून वारा पाणी उलट आत ढकलतो. मग कोणीतरी त्या खाचा सिलिकॉनने बुजवतो आणि पुढच्या पावसात रूळ भरून दुप्पट पाणी आत येतं. सरकत्या पाळ्यांमध्ये (खिडकीच्या झडपांमध्ये) केसाळ पट्टी असते, रबरी दाबपट्टी नसते. ती धूळ अडवते, दाबाखालचं पाणी अडवू शकत नाही.

बाहेर उघडणारी, बाजूला बिजागऱ्यांची पाळी घ्या. वारा जितका जोरात दाबेल तितकी पाळी ईपीडीएम रबरावर घट्ट बसते. ४ फुटांच्या खिडकीला दोन पाळ्या, प्रत्येकी ६०० मिमीच्या आसपास. यापेक्षा रुंद पाळी केली तर तिचं वजन बिजागरीवर लोंबतं आणि वर्षभरात खालचा कोपरा घासायला लागतो. कुलूप एका ठिकाणी अडकणारं नको, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी पकडणारं हवं. एकाच ठिकाणी पकड असेल तर वारा फिरून पाळी बाहेर ओढायला लागला की तिचे कोपरे उघडतात. हवेच्या दृष्टीनेही हेच बरं: सरकती खिडकी निम्मीच उघडते, ही जवळजवळ पूर्ण. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात हा फरक जाणवतो.

यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम, यात मी यूपीव्हीसीकडे झुकेन, पण अटींवर. आत जस्ताचा लेप दिलेली किमान १.५ मिमी जाडीची पोलादी नळी सगळ्या बाजूंना हवी, फक्त मधल्या खांबात नव्हे. कापलेला नमुना मागून डोळ्यांनी पाहा. रंग पांढराच. लाकडी छटेचा गडद थर पश्चिमेच्या उन्हात भयंकर तापतो. हे प्लॅस्टिक ४० अंशांच्या फरकाला मीटरमागे जवळजवळ ३ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम १ मिमीहूनही कमी. ॲल्युमिनियमच घ्यायचं असेल तर खाऱ्या हवेसाठी २५ मायक्रॉनचं ॲनोडायझिंग (धातूवर चढवलेला ऑक्साइडचा संरक्षक थर) लेखी मागा. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या सगळं एसएस ३१६, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील. तुमच्या अंतरावर नेहमीच्या ३०४ जातीच्या स्टीलला दोन-तीन वर्षांत चहासारखे डाग पडतात.

काच दुपदरी चिकटवलेली घ्या, मधला थर १.५२ मिमीचा. म्हणजे ४ अधिक ४ ची काच ९.५२ मिमी होते. नुसती टफन्ड काच उडत्या कौलाने फुटली की तिचा चुरा होऊन खिडकीला भोक पडतं. चिकटवलेली काच तडकते, पण जागेवर राहते. यात खरा प्रश्न पाण्याचा नाही, छपराचा आहे: वाऱ्याकडची एक खिडकी गेली की आत दाब भरतो, वरून वारा छप्पर ओढत असतो, आणि दोन्ही मिळून पत्रा उचलतात.

रंधा

चौकट यांचं बरोबर आहे, पण सागवान फेकण्याआधी एकदा टोचून पाहा. स्क्रूड्रायव्हर तळपट्टीत, उभ्या पट्ट्यांच्या खालच्या वीतभर भागात आणि बिजागरीच्या खाचांत दाबायचा. वर लाकूड टणक आणि फक्त खाली कुजलेलं असेल तर कुजलेला भाग तिरका कापून नवा सागाचा तुकडा सांधता येतो. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या चौपट तरी ठेवावी आणि उतार बाहेरच्या बाजूला. तळपट्टी मात्र नवीच घाला, वरून बाहेरच्या अंगाला उतरती, आणि खालच्या बाजूला ८ मिमीची पाणखाच. ही खाच नसेल तर पाणी तळपट्टीच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे वळतं. तुमच्या तळपट्ट्या कुजण्याचं कारण बहुधा हेच.

जुन्या पाळ्यांना रबर नसतं. चौकटीच्या खाचेत ६ मिमीची खोबण पाडून तिच्यात पोकळ रबरी नळीपट्टी बसवता येते. एक खिडकी चांगली असेल तर ती अशी वाचवा, दोन नव्या करा. लोखंडी बिजागऱ्या काढून पितळी, आणि स्क्रूही पितळी. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावला की स्क्रूच आधी खाऊन जातो.

जोतं

भिंतीबद्दल लिहितो. सगळ्यांत आधी एक विनंती, त्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफ रंगाचा जाड थर देऊ नका. चिरा सच्छिद्र आहे. जोत्यातून, खिडकीच्या कडांतून, पत्र्याच्या टोकाकडून त्याच्यात पाणी जाणारच. बाहेरची त्वचा बंद केली की ते पाणी सुकायला आतल्या खोलीकडे येतं आणि लोणा वाढतो. आतला पोपडा हा पुष्कळदा बाहेरच्या चांगल्या रंगाचाच परिणाम असतो.

करायचं ते असं: भिंतीपासून सुटा आडोसा. मागे ३० ते ४० मिमी हवेची पोकळी, खाली उघडी, वर वळचणीखाली उघडी, दोन्हीकडे किडे-उंदीर अडवणारी एसएस जाळी. झड आडोशावर आपटते, जे थोडं पाणी सांध्यांतून मागे जातं ते पोकळीतून खाली गळतं आणि वाऱ्याने भिंत सुकते. पोकळीत हवा वाहत असल्यामुळे दुपारचं पश्चिमेचं ऊनही भिंतीपर्यंत पोचत नाही. एप्रिलमध्ये रात्री उशिरापर्यंत भिंत उष्णता फेकत राहते, ते यामुळे बरंच कमी होतं. आडोशाचा रंग फिका ठेवा.

साहित्याचे तीन पर्याय दिसतात. पीव्हीसीच्या पट्ट्या स्वस्त आणि गंजत नाहीत, पण पश्चिमेच्या उन्हात मऊ पडतात, वर्षांनी ठिसूळ होतात आणि खाचेतून सुटून वादळात एकामागून एक सोलल्या जातात. मी लावणार नाही. रंगीत जस्त-ॲल्युमिनियम पत्रा ०.५ मिमीचा चालतो, पण कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं खाऱ्या हवेत आधी गंजतात. ४०० मीटरवर कंपनीची हमी लागू होते का, ते खरेदीपूर्वी लेखी घ्या. तिसरा पर्याय ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंट-फायबरच्या फळ्यांचा. गंज नाही, वाळवी नाही, ऊन सोसतात. दोष एवढाच की कापलेली कड उघडी राहिली तर ती पाणी पिते आणि फुगते. प्रत्येक कापलेल्या कडेला बसवण्याआधी प्रायमर द्यायचा, नंतर नाही. नंतर ब्रश तिथे पोचतच नाही.

तुमच्या भिंतीचा हिशोब: ३ मीटर लांब, २३० मिमी रुंद फळी, एकावर एक ४० मिमी चढ, म्हणजे दिसणारी १९० मिमी. १६ ओळी होतात, ओळीला अडीचपेक्षा किंचित कमी फळ्या. १० टक्के तूट धरून ४३-४४ फळ्या. खिडक्यांची जागा वजा करू नका, तिथेच तुकडे वाया जातात. उभ्या पट्ट्या ४०० मिमीवर, म्हणजे २०. फळ्यांचे स्क्रू ३२० लागतात, ४०० आणा. पट्टीला चिऱ्यात अँकर ४५० मिमीवर, एकूण सुमारे १६०. इमारतींच्या वारा-भाराच्या भारतीय मानकात मुंबईचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरलाय, पणजीचा ३९. ४४ धरला तर चौरस मीटरला ११८ किलो येतात, म्हणजे एका अँकरवर २१ किलो. हे फार नाही. पण भिंतीच्या दोन्ही टोकांच्या मीटर-सव्वा मीटर पट्ट्यात वारा आडोसा आत ढकलत नाही, बाहेर ओढतो, आणि तिथली ओढ मधल्यापेक्षा बरीच जास्त असते. तिथे अँकर ३०० मिमीवर घ्या.

चिऱ्यात धातूचा फुलणारा बोल्ट ठोकू नका, तो चिरा फोडतो. १० मिमी जाड, किमान १०० मिमी लांब नायलॉनचा फ्रेम-प्लग वापरा. ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा, नाहीतर भोक कपासारखं रुंद होतं. गिलाव्यातली लांबी पकडीत मोजू नका, चिऱ्याच्या आत ७० मिमी तरी जायला हवं आणि चिऱ्याच्या मध्यावर, सांध्यात नाही. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीच्या. भिंतीला लागतात तिथे मागे प्लॅस्टिकचे पॅकर, कारण ओला सिमेंट गिलावा ॲल्युमिनियम खातो. पॅकरमुळे वाकडी भिंतही ओळंब्यात येते.

फळीला स्क्रू वरच्या कडेला लपवून मारायची पद्धत आहे, वादळी जागी ती नको. खालच्या कडेपासून २० मिमीवर, वरची आणि खालची दोन्ही फळ्या पकडून उघडा स्क्रू मारा. भोक आधी पाडायचं, स्क्रूपेक्षा २ मिमी मोठं. सगळ्यांत खालची ओळ जमिनीपासून २०० मिमी वर, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे आणि वाळवी दोन्ही लांब राहतात.

जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता मोठी आहे. ते फोडू नका, ग्राइंडरने कापू तर मुळीच नका. पाण्याने भिजवून, स्क्रू काढून, अख्खे उतरवा, तोंडाला गाळणीचा मास्क लावा, तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. त्यांची धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही.

दूरदेशी

फ्लोरिडात राहतो, इथला एक संदर्भ. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर मायामी भागात खिडक्यांसाठी आघाताची चाचणी आली: सुमारे ४ किलोची लाकडी फळी सेकंदाला १५ मीटर वेगाने काचेवर मारतात, आणि त्यानंतर तीच तडकलेली खिडकी वाऱ्याच्या हजारो उलटसुलट धक्क्यांखाली ठेवतात. काच तडकली तरी चालतं, चौकटीतून सुटता कामा नये. म्हणून इथे चिकटवलेली काच नुसत्या रबरात अडकवत नाहीत, चौकटीला सिलिकॉनने कडेने जोडतात. नारळ आणि कौलं उडणाऱ्या कोकणात कारागिराकडे हे मुद्दाम मागावं. दुपदरी काच घेतली आणि ती रबरातून अख्खीच निसटली, तर पैसे वाया.

वळचण

सगळ्यांचे आभार, फार उपयोगी माहिती. दोन शंका. बाहेर उघडणाऱ्या पाळ्या घेतल्या तर ग्रिलचं काय? आणि नवी चौकट चिऱ्यात बसवताना कडेने पाणी शिरू नये म्हणून नक्की काय करायचं? कारागीर म्हणतो, फोम मारून वर सिलिकॉन फिरवलं की झालं.

चौकट

ग्रिल आतून घ्या. पाळीची मूठ ग्रिलमधून हात घालून फिरवता यायला हवी, म्हणून मुठीसमोर एक खण १२५ मिमी रुंद ठेवा. आतलं ग्रिल झडीत भिजत नाही, गंजही कमी धरतं. डासांची जाळी आतल्या बाजूला गुंडाळणारी येते.

फोम मारून सिलिकॉन, हे पुरेसं नाही. फोम पाणी अडवत नाही, फक्त फट भरतो. क्रम असा ठेवा.

माप रुंदीचं तीन ठिकाणी, उंचीचं तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्णांचं घ्या. सर्वांत लहान मापातून २० मिमी वजा, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मिमी फट. जुनी चौकट हाणून काढू नका, उभी पट्टी मधोमध करवतीने कापून आत ओढा, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सुटे कापा. चिऱ्याची कड तुटली तर तिथे नवी चौकट कधीच घट्ट बसत नाही.

मग चौकटीखालचा दगडी ओटा. हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. ग्रॅनाइटची पट्टी बाहेरच्या अंगाला १० ला १ उतारावर, भिंतीपुढे, आणि आडोसा येणार आहे तर आडोशाच्याही पुढे, ४० मिमी बाहेर, पोटाला पाणखाच. ग्रॅनाइट घालण्याआधी खालच्या चिऱ्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात द्या, ते दोन्ही बाजूंना १५० मिमी वर चढवा. चौकटीच्या आतल्या बाजूला ओट्यावर २० मिमीची उभी कड हवी, म्हणजे चौकटीखालून शिरलेलं पाणीही परत बाहेर जातं. चौकट पॅकरवर उभी करा, ओळंबा पाहा, कर्ण जुळवा. प्लग कोपऱ्यापासून १५० मिमीवर पहिला आणि पुढे ४०० मिमीवर. तळाला भोक पाडू नका, तिथूनच पाणी खाली जातं. तळाला बाजूंच्या प्लगवर भरवसा ठेवा किंवा आतून एल-पट्टी लावा.

बाहेरच्या फटीत फोमची गोल दोरी, तिच्यावर सिलिकॉन. ते न्यूट्रल जातीचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर सुटतं आणि धातू खातं. जाडी रुंदीच्या निम्मी, १० मिमी फटीला ५-६ मिमी. वर आणि दोन्ही बाजूंना भरा, खाली मात्र बाहेरून भरू नका. खालची सील आतल्या कडेला. तपासायला नळाची धार खालून सुरू करून हळूहळू वर न्या, प्रत्येक उंचीला दहा मिनिटं, आतून एकाने टॉर्च धरून पाहायचं. वरून सुरू केलं तर गळती कुठली ते कळतच नाही.

जोतं

क्रमाबद्दल: आधी खिडक्या, मग आडोसा. आडोशाचं पाणी खिडकीच्या डोक्यावर सांडतं, म्हणून तिथे ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी लागते. तिची उभी बाजू ७५ मिमी, आडोशाच्या मागे भिंतीत खाच पाडून किंवा ब्युटाइल टेपने चिकटवून. पुढची बाजू चौकटीच्या २० मिमी पुढे, टोकाला खाली वळवलेली, लांबी खिडकीपेक्षा दोन्हीकडे ५० मिमी जास्त. पट्टी आणि फळी यांत १० मिमी जागा मोकळी ठेवा. ती बुजवायचा मोह सगळ्या रंगाऱ्यांना होतो, त्यांना आधीच सांगून ठेवा. टेप नेहमी खालून वर: आधी ओटा, मग बाजू, मग डोकं, वरचा थर खालच्यावर १०० मिमी.

वेळ महत्त्वाची. भिंत सध्या पाण्याने भरलेली आहे. सुटा गिलावा आत्ताच काढून टाका आणि जानेवारीअखेरपर्यंत तशीच उघडी सुकू द्या. फेब्रुवारीत खिडक्या, मार्चमध्ये आडोसा, एप्रिलच्या मध्यापर्यंत शेवटचा स्क्रू. अरबी समुद्रातली वादळं मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. तौक्ते १५-१६ मे २०२१ ला कोकणच्या किनाऱ्यालगत वर सरकलं, मोसमी पाऊस यायच्या कितीतरी आधी. काच एकदा मापाने बनली की बदलता येत नाही आणि मार्चनंतर सगळ्या किनाऱ्याची कामं एकदम निघतात, म्हणून मापं डिसेंबरमध्येच द्या. आतला गिलावा मात्र एक पूर्ण पावसाळा गेल्यावर करा, तोवर नुसता चुना. भिंत सुकली नसताना नवा गिलावा केला तर दिवाळीपर्यंत पुन्हा पोपडे.

रंधा

एक गोष्ट राहिली, वादळाचा इशारा आल्यावर लावायच्या फळ्या. खिडकीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी १०० मिमी मोठी, १८ मिमीची मरीन प्लाय, कडा इपॉक्सीने बंद केलेल्या. १०० मिमी चढ धरला की ४ फुटांच्या खिडकीला प्लायचा एक पत्रा पुरत नाही, दोन तुकडे करून मध्ये उभी लाकडी पट्टी जोडा. एकेक तुकडा १३-१४ किलोचा होतो, दोघांना सहज उचलता येतो.

बोल्ट आडोशाच्या फळीला नव्हे, चिऱ्यालाच हवेत. म्हणून आडोसा बसण्याआधी, खिडकीच्या बाजूंना ४०० मिमीवर एम१० चे (१० मिमी जाडीचे आट्यांचे) एसएस ३१६ चे दांडे रासायनिक अँकरने (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रेझिनने) चिऱ्यात १०० मिमी आत बसवून घ्या, आडोशाबाहेर ४० मिमी निघतील इतके लांब. एरवी त्यांच्यावर प्लॅस्टिकची टोपी. दांड्याभोवती सिमेंट-फायबरच्या फळीला १४ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे फळी ऊन-पावसात हलली तरी अडकत नाही. ग्रॅनाइटचा ओटा पुढे येतो, तेवढी खाच प्लायला खाली कापून घ्या. प्रत्येक तुकड्यावर खिडकीचा क्रमांक आणि 'वर' असं रंगाने लिहा. अंधारात, वारा सुटल्यावर तिन्ही खिडक्यांच्या सहा फळ्या एकमेकींत मिसळतात आणि भोकं जुळत नाहीत. पंखनट आणि रुंद वॉशर एका डब्यात ग्रीस लावून त्याच फळ्यांबरोबर ठेवा, आणि एप्रिलमध्ये एकदा सगळ्या लावून पाहा.